नदीकाठी स्पॅनिश

आलापल्लीहून भामरागडला निघालं, की दोन्ही बाजूंनी साग अन् बांबूचं जंगल सोबत करतं. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी या तीन नद्या भेटतात. तिथेच आम्ही डबे सोडले.

"आधी हात धुऊन घे रे!" आई म्हणाली.

स्पॅनिश शिकणारी ताई हसली. "आपण 'घे' लावतो, स्पॅनिश लोक क्रियापदाआधी एक छोटा शब्द लावतात." तिनं काडीनं वाळूत लिहिलं :

मी – मे लावो
तू – ते लावास
तो, ती – से लावा
आम्ही – नोस लावामोस
ते – से लावान

लावार म्हणजे धुणे, लावार्से म्हणजे स्वतःला धुणे. कर्ता बदलला, की क्रियापदाचा शेवट बदलतो अन् छोटा शब्दही! "नुसतं 'लावो' म्हणालास, तर लोक विचारतील, काय धुतोस? ताट की कपडे?" हात धुतो म्हणायचं, तर 'मे लावो लास मानोस'.

मी तीनदा 'मे लावास' म्हणालो अन् वैतागून काडी फेकली.

आई म्हणाली, "जवळच हेमलकशाला लोकबिरादरीची शाळा आहे, १९७६ पासूनची. तिथली कितीतरी मुलं घरी माडिया बोलतात. ती भाषा तेलुगूच्या कुळातली. त्यांना मराठी अशीच नवी होती. तरी ती त्या भाषेत गणितंसुद्धा सोडवतात!"

मी गुपचूप काडी उचलली. चौथ्यांदा बरोबर आलं. मग हात धुऊन घेतले.

तुम्हीही म्हणून बघा : मे लावो लास मानोस!