मोबाइललाही परवानगी हवी

शेजारच्या घरी गेलो तर दारात थांबून सलाम करायचा, आतून ‘या’ असा आवाज आला की मगच उंबरठा ओलांडायचा, ही रीत आपल्या घरांत अजून टिकून आहे. पण त्याच घरात चार्जिंगला लावलेला मोबाइल वाजला, की जवळ असेल तो उचलून वाचतो. सासू सुनेचा, भाऊ बहिणीचा. यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतही नाही.

आम्ही कोकणात वाढलो. मोहल्ल्यातले कितीतरी कर्ते पुरुष कुवेत, सौदी, दुबईला असायचे. ज्या बायकांना वाचता येत नसे, त्या आम्हा शाळकरी भावंडांना बोलावून उर्दू पत्रं वाचून घ्यायच्या. कर्ज, आजारपण, सासरचा रुसवा, सगळं त्यांत असे. अम्मीची ताकीद एकच होती : ज्याचं पत्र त्याची बात, ती तिथंच ठेवून या. आम्ही भावंडं घरी येऊन आपसांतही त्यावर बोलत नसू.

आता एका शाळकरी मुलीचं सांगतो. गाव आणि वर्ष मुद्दाम सांगत नाही. वर्गातल्या मुलाने गणिताची वही मागितली होती, तेवढाच मेसेज. चुलतभावाने तिचा फोन उघडला, स्क्रीनशॉट काढून खानदानाच्या ग्रुपवर टाकला. मागचं-पुढचं कुणी वाचलं नाही. तिची शाळा पंधरा दिवस बंद झाली. आम्ही शिक्षक दोनदा घरी गेलो, तिने स्वतःच सगळे मेसेज अब्बांसमोर ठेवले, तेव्हा ती परत आली. पण वर्गात सर्वांत आधी हात वर करणारी ती मुलगी नंतर गप्पच राहिली.

सूरह नूरच्या २७व्या आयतीत दुसऱ्याच्या घरात इजाजत घेऊनच जाण्याचा हुकूम आहे. ५८व्या आयतीत तर घरातल्या लहान मुलांनाही तीन वेळा इजाजत घ्यायला सांगितलं आहे : फजरपूर्वी, दुपारच्या विश्रांतीला आणि इशानंतर. म्हणजे एका छपराखालीही प्रत्येकाचा आडोसा मान्य आहे. सूरह हुजुरातच्या १२व्या आयतीत टेहळणी आणि गीबत यांना एकत्रच मनाई आहे. चोरून वाचलेला मेसेज ग्रुपवर टाकणारा ही दोन्ही कामं एकदम करतो. देशाचा कायदाही वेगळं सांगत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला.

काही आईबाप विचारतात, मग मुलांवर लक्ष ठेवायचंच नाही का? जरूर ठेवावं, ती आपली जबाबदारीच आहे. पण मुलाला सांगून, शेजारी बसवून. चोरून पाहिलं की मूल सुधारत नाही, लपवायला शिकतं.

व्हॉट्सअॅपचे मेसेज २०१६ पासून वाटेत कुणाला वाचता येऊ नयेत अशा कुलपात जातात. पण उघडा फोन ज्याच्या हाती, त्याच्यापुढे ते कुलूप निरुपयोगी. म्हणून फोनला लॉक लावावा, बंद स्क्रीनवर मजकूर दिसू देऊ नये, ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी उपकरण दिसलं तर काढून टाकावं. आणि कुणाचाही मेसेज पुढे पाठवण्याआधी त्याला एकदा विचारावं. आपल्यावर भरवसा ठेवून लिहिलेली ओळ ही अमानत आहे, आणि अमानतीचा हिशेब द्यावा लागणार आहे.