गोड्या पाण्याची गावे, खाऱ्या पाण्याची गावे

वऱ्हाडचा नकाशा समोर ठेवला की उत्तरेला गाविलगडचे डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि मध्ये पूर्णा नदीचे सपाट, काळे खोरे दिसते. जुन्या काळापासून या भागांना मेळघाट, बालाघाट आणि पायनघाट अशी नावे आहेत. २०११ च्या जनगणनेत अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या २८,८८,४४५ आणि अकोल्याची १८,१३,९०६ होती. अमरावती विस्ताराने दुप्पट, तरी तिथे दर चौरस किलोमीटरला २३७ माणसे आणि अकोल्यात ३२०. धारणी-चिखलदऱ्याचे जंगल हे याचे मोठे कारण.

पण जिल्ह्याच्या सरासरीत गाव दिसत नाही. गाव ओळखायचे तर तिथल्या विहिरीचे पाणी चाखावे. पूर्णेच्या दोन्ही बाजूंना खारपाणपट्टा पसरला आहे. भातकुली, दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोला, अकोट, तेल्हारा, बाळापूर या तालुक्यांतली शेकडो गावे त्यात येतात. नदीने आणलेल्या गाळाचा थर इथे फार खोल आहे, त्यात क्षार मुरलेले आहेत आणि चिकण मातीतून निचरा होत नाही. विहीर खणली तर पाणी लागते, पण घोट घशाखाली उतरत नाही. तेच पाणी पिकाला दिले तर जमीन बिघडते. म्हणून कापूस, तूर, मूग पावसावर आणि हरभरा जमिनीतल्या ओलीवर.

आता जुनी मोठी गावे पाहा. अचलपूर, अंजनगाव, अकोट ही डोंगराच्या पायथ्याशी एका ओळीत आहेत. तिथे विहिरींना गोडे पाणी आहे, म्हणून अंजनगावला पानमळे फुलले. अचलपूर इमादशाहीची राजधानी होते. त्याच्याजवळचा हौज कटोरा आजही उभा आहे. २०११ मध्ये अचलपूरची लोकसंख्या १,१२,३११ होती. पूर्णाकाठच्या अनेक खेड्यांत मात्र एका मोहल्ल्यात मावतील एवढीच घरे.

या खेड्यांत पाण्याचा भार बायकामुलींच्या डोक्यावर. वान आणि शहानूर धरणांच्या योजनांमुळे बऱ्याच गावांत नळ पोहोचले, ही अल्लाहची मेहरबानीच. पण नळ चुकला की हंडे घेऊन निघावे लागते आणि हजेरीपटावर मुलींच्या नावापुढे गैरहजेरी लागते. मूत्रपिंडाच्या तक्रारीही या पट्ट्यात नेहमी ऐकू येतात. रिश्ता ठरवताना मुलीचे वालिद घर, शेती, नोकरी विचारून झाल्यावर हळूच विचारतात, "पाण्याचं कसं आहे?" उत्तर समाधानकारक नसेल तर बोलणी तिथेच थांबतात. मग शिकलेला मुलगा अकोल्याला किंवा अमरावतीला खोली घेतो, आणि पुढच्या जनगणनेत गावाचे एक घर कमी होते.

जमिनीखालचे पाणी खारे असले तरी आभाळातून येणारे गोडेच असते. १,००० चौरस फुटांच्या छतावर १ इंच पाऊस पडला तर सुमारे २,३५० लिटर पाणी पडते. पहिल्या सरींचे पाणी सोडून द्यावे, पुढचे गाळून बंद टाक्यात साठवावे. गावात सर्वांत मोठे छत बहुधा शाळेचे किंवा मशिदीचे असते. मशिदीच्या कमिटीने आणि ग्रामपंचायतीने एकत्र बसून पावसाळ्याआधी एवढे एक काम केले, तर निदान काही महिने वजूचे आणि वापराचे पाणी दारातच मिळेल. तेवढे महिने मुलींचे हंडे घरी राहतील आणि दप्तरे शाळेत येतील.