वंगण

आजोळच्या बैलगाडीखाली वंगणाचं नळकांडं लटकत असे. तेलात जळक्या गवताची राख कालवलेलं ते काळं, चिकट वंगण आजोबा लांबच्या खेपेआधी आसाला लावत. कितीही घाई असो, कोरड्या आसावर त्यांनी बैल कधी हाकले नाहीत.

वडिलांकडे प्रीमियर पद्मिनी होती. कुर्ल्यात बनलेल्या त्या गाडीला आम्ही सगळे फियाटच म्हणायचो. तिच्या पुढच्या चाकांच्या सांध्यांना ग्रीसचे निपल होते. एखाद्या रविवारी वडील चटई टाकून गाडीखाली सरकत आणि ग्रीसगन दाबत राहत. जुनं काळं ग्रीस बाहेर पडून मागोमाग नवं, स्वच्छ ग्रीस दिसलं, की मी फडकं पुढे करायची.

माझ्या गाडीला असा निपलच नाही. पुढच्या चाकाला धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मच्या टोकाशी बॉल जॉइंट असतो. शाळेत शिकलेला उखळीचा सांधाच तो: वाटीत फिरणारा पोलादी गोळा. त्यात ग्रीस कारखान्यातच भरतात आणि वर रबराचा बूट चढवतात. वंगणाची चिंता मिटली, असं मी धरून चालले.

मी राहते त्या पुण्याच्या वाघोलीत दगडखाणी आणि खडी क्रशर आहेत. इथला काळा बसाल्ट फुटून खडी होते आणि त्याची पूड वाऱ्यावर, डंपरच्या चाकांवर गावभर फिरते. गेल्या पावसाळ्यानंतर केसनंद फाट्याजवळच्या गतिरोधकावर पुढच्या डाव्या चाकातून ‘खट्’ असा आवाज येऊ लागला. चाक काढून पाहिलं, तर रबराचा बूट फाटलेला. पाण्याने ग्रीस धुऊन नेलं होतं आणि दगडाची पूड आत शिरून पॉलिश पेपरसारखी गोळा घासत होती.

या गाडीत बॉल जॉइंट आर्मसकटच बदलावा लागतो. नवा आर्म आणला आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम काढलं. मागच्या चाकांना दगड लावले, नट जमिनीवरच सैल केले, गाडी उचलून जॅक स्टँडवर टेकवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातही घालू नये, हे वडिलांनी शिकवलेलं. गंजलेल्या बोल्टला रात्रभर तेल पाजलं होतं, तरी तो सुटायला तास गेला. नव्या आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट आधी हलकेच बसवले आणि गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच पक्के आवळले. चाक अधांतरी असताना ते आवळले, तर गाडी खाली येताच रबराला पीळ पडतो आणि बुश लवकर फाटतं. दुसऱ्या दिवशी व्हील अलाइनमेंट करून घेतली.

जुना आर्म मी टाकलेला नाही. त्यातला गोळा हाताने हलवला, की वाटीत खुळखुळतो. वंगण घालायचं काम यंत्राने आपल्याकडून काढून घेतलं. खाली वाकून पाहायचं काम मात्र आपल्याकडेच राहिलं. आजोबा आणि वडील वंगणाच्या निमित्ताने चाकापाशी बसत, म्हणून झीज त्यांना वेळेवर दिसे. मी बसतच नव्हते.

पुढच्या वेळी पंक्चरसाठी पुढचं चाक निघेल, तेव्हा दोन मिनिटं खाली बसा आणि तो रबराचा बूट शाबूत आहे का, एवढं पाहा. हा सांधा चालत्या गाडीत निखळला, तर चाक बाहेर फाकतं आणि स्टिअरिंग हातात असूनही गाडी हातात राहत नाही.