खोटा डाव

बडोद्याला शिकायला होतो तेव्हाची गोष्ट. दांडिया बाजारातली मामी दर रविवारी एक स्थळ आणायची. शेवटी वर्गातल्या एकीला विनवलं, 'दोन महिने माझी हो, खोटी खोटी.' तिची अट एकच: माझ्या ट्रंकेतली सावंतवाडीची दशावतारी गंजिफा शिकवायची. दहा रंग, १२० गोल पानं! (ही कला जगवणाऱ्या सत्वशीलादेवी माहेरच्या बडोद्याच्याच.) खेळायला तिघं लागतात, म्हणून मामीलाच बसवलं.

दिवसा रामाच्या राजाची उतारी, रात्री कृष्णाच्या. एकदा दिवेलागण झाली तरी नवा डाव मी रामानंच सुरू केला, लक्ष भलतीकडे.

मामी म्हणाली, 'अरे, कृष्णाची वेळ झाली. आणि तुमचं खोटं मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आता मात्र खरं दिसतंय.'

समोरचीनं पानांतून डोकं वर काढलंच नाही. मीही नाही.