खणणं नाही, बांधणं नाही

माइनक्राफ्ट म्हणजे खणायचं आणि रचायचं. त्याच दुनियेतला ‘माइनक्राफ्ट डन्जन्स’ घरी आला, तेव्हा मुलांचा पहिला प्रश्न होता, “अम्मी, यात घर कुठे बांधायचं?” कुठेच नाही. 2020 साली आलेल्या या खेळात फक्त आर्च-इलेजरच्या फौजेशी लढायचं, पेट्या उघडायच्या, तलवारी-चिलखतं जमवायची. मुलांच्या हातून काहीतरी घडावं म्हणून वर्गात धडपडणाऱ्या आम्हा शिक्षकांना ही उणीव मोठीच वाटते. आमचा थोरला बांधायची हौस अजून जुन्या खेळातच भागवतो. गोष्टही आटोपशीर, संपली की तेच टप्पे अधिक कठीण करून पुन्हा. पुढच्या भागांचे पैसे वेगळे, तो हिशेब मोठ्यांनी आधीच पाहिलेला बरा.

एक गोष्ट मात्र आम्हाला मनापासून आवडली. शस्त्रावर खर्चलेले जादूचे गुण ते शस्त्र मोडीत काढलं की परत मिळतात. म्हणजे करून पाहा, नाही जमलं तर बदला. आमच्या परीक्षांत ही सोय नाही!

आणि एका पडद्यावर चौघं खेळू शकतात. सापडलेली वस्तू ज्याची त्याला, त्यामुळे हिसकाहिसकी नाही. पडदा एकच, म्हणून एकट्याने फार पुढे पळता येत नाही. कुणी पडलं तर दुसऱ्याने जाऊन उठवायचं. एरवी रिमोटवरून भांडणारी धाकटी हल्ली ओरडते, “आपा, थांब, मी आले!”