सत्ताधारी बाकावरचा प्रश्न

प्रिय ताई,

तुझ्या पत्रातली अडचण नीट वाचली. सरकार आपलं, मंत्रीही आपलेच. मग सभागृहात उभं राहून त्यांना प्रश्न विचारायचा कशाला? दालनात जाऊन भेटलं, निवेदन दिलं की काम लवकर होतं आणि कुणाला अवघड वाटत नाही, असं तुझे सहकारी सांगतात. मला हे मुळातच मान्य नाही. दालनात मिळते ती मेहेरबानी. तिची नोंद होत नाही, उद्या तिच्याबद्दल जाब विचारता येत नाही, आणि ज्या मतदारसंघाच्या आमदाराची मंत्र्यांपर्यंत ऊठबस नाही तिथल्या माणसांच्या वाट्याला ती येतही नाही. सभागृहातलं उत्तर सगळ्या राज्याला दिलेलं असतं. म्हणूनच प्रश्न विचारणं हे केवळ विरोधकांचं काम आहे असं समजू नकोस. सत्ताधारी बाकावरून आलेला प्रश्न अधिक मोलाचा असतो, कारण ‘यात राजकारण आहे’ म्हणून तो झटकून टाकता येत नाही.

१९५७ सालचं मुंदडा प्रकरण याचा भक्कम पुरावा आहे. आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण जानेवारी १९५६ मध्ये झालं, तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. त्याच्या महिनाभर आधी, डिसेंबर १९५५ मध्ये, रायबरेलीचे काँग्रेस खासदार फिरोज गांधी यांनी खासगी विमा व्यवसायातला गैरव्यवहार लोकसभेत उघड केला होता. राष्ट्रीयीकरणाची निकड ज्यांनी सभागृहाला पटवली, त्यांनीच पुढे त्यातून उभ्या राहिलेल्या आयुर्विमा महामंडळाच्या व्यवहारावर बोट ठेवलं. जून १९५७ मध्ये महामंडळानं उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर विकत घेतले. त्यांत कानपूरची ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन होती, मुंबईची रिचर्डसन अँड क्रुडास होती. व्यवहार ठरला तेव्हा महामंडळाच्या गुंतवणूक समितीला विचारलंच गेलं नव्हतं. पैसा मात्र होता पगारातून हप्ता भरणाऱ्या लाखो पॉलिसीधारकांचा.

सप्टेंबर १९५७ मध्ये लोकसभेत याबद्दल पहिला प्रश्न आला. राम सुभग सिंग यांनी तो विचारला होता, आणि तेही काँग्रेसचेच. सरकारनं मोघम उत्तर दिलं. इथेच बहुतेक लोकप्रतिनिधी थांबतात; उत्तर मिळालं, वर्तमानपत्रात नाव आलं, विषय संपला. पण ते मोघम उत्तर कामकाजात छापलं गेलं होतं आणि सरकार आता त्या शब्दांना बांधलेलं होतं. नोव्हेंबरमध्ये विषय पुन्हा आला. १६ डिसेंबरला फिरोज गांधींनी चर्चा उपस्थित केली आणि कंपन्या, रकमा, तारखा सभागृहापुढे ठेवल्या. जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. मुंबईत उघड सुनावणी झाली, १० फेब्रुवारी १९५८ ला अहवाल आला आणि त्याच महिन्यात अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांनी राजीनामा दिला. खात्याच्या सचिवाच्या कृतीची जबाबदारी मंत्र्यालाच घ्यावी लागते, असं छागलांनी ठरवलं. त्यांचं आणखी एक निरीक्षण मला अधिक महत्त्वाचं वाटतं: मंत्र्यांनी सगळी माहिती अगदी सुरुवातीलाच संसदेपुढे ठेवावी, म्हणजे ती दुसरीकडून बाहेर आल्यावर होणारी नामुष्की टळते. तुझ्या मंत्र्यांनाही हे सांगून बघ. स्पष्ट उत्तर देणं त्यांच्याही हिताचं आहे.

पक्षाचं नुकसान होतं, हा आक्षेप राहतो. झालं का? काँग्रेसनं १९६२ ची निवडणूक जिंकली. कृष्णमाचारी त्याच वर्षी मंत्रिमंडळात परतले आणि पुढे पुन्हा अर्थमंत्री झाले. महामंडळ तर आजही उभं आहे. ‘तो काळ वेगळा होता, आता पक्षांतरबंदी कायदा आहे’ हेही तुला ऐकवलं जाईल. १९८५ चा तो कायदा पक्ष सोडण्याबद्दल आणि पक्षादेश मोडून केलेल्या मतदानाबद्दल बोलतो, मंत्र्याला विचारलेल्या प्रश्नाबद्दल नाही. प्रश्न विचारल्यानं कुणाचं सदस्यत्व जात नाही. पुढचं तिकीट जाऊ शकतं, हे मी नाकारत नाही. ती भीती खरी आहे. पण तिला कायद्याचं नाव देऊ नये.

माहितीचा अधिकार आल्यापासून प्रश्नोत्तरांची गरज उरली नाही असंही काही सुशिक्षित मंडळी म्हणतात. २००५ च्या त्या कायद्यानं नागरिकाला फाइलमधला कागद मिळतो, आणि ते फार मोठं आहे. पण उत्तर देतो तो माहिती अधिकारी. ‘असं का केलंत?’ याचं उत्तर त्याच्याकडे नसतं आणि मंत्री समोर उभे नसतात. मंत्र्याच्या उत्तरावर तिथल्या तिथे विचारलेल्या पुरवणी प्रश्नाची जागा दुसरं काहीच घेऊ शकत नाही. म्हणूनच २०२० च्या सप्टेंबरात संसदेचा प्रश्नोत्तराचा तास कोरोनाच्या कारणानं वगळला गेला, तेव्हा अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरं चालू ठेवून ती उणीव भरून निघाली नाही.

प्रश्न विकले जातात, हा आरोप मात्र मी हलका मानत नाही. १९५१ मध्ये खासदार एच. जी. मुदगल यांनी मुंबईच्या सराफा व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेतल्याचं उघड झालं. २००५ मध्ये संसदेच्या अकरा सदस्यांना अशाच कारणानं काढून टाकलं गेलं. यावर उपाय एवढाच की तुझ्या प्रत्येक प्रश्नामागे कुणाची तक्रार आहे आणि कोणता कागद आहे, हे तुला कधीही उघडपणे दाखवता आलं पाहिजे.

आता कामाचं. ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास, चौकशी केली आहे काय’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय’ हा आपल्या विधिमंडळातला साचा तुला माहीत आहेच. पहिल्या भागात तपशील जरा चुकला की ‘हे खरे नाही’ असं उत्तर येतं आणि पुढच्या सगळ्या भागांवर ‘प्रश्न उद्भवत नाही’. म्हणून पहिल्या भागात आदेशाचा क्रमांक, तारीख आणि रक्कम घाल, नाकारता येणार नाही एवढंच लिही. ‘चौकशी सुरू आहे’ असं उत्तर आलं तर पुरवणी प्रश्नात चौकशी कोण करतंय आणि ती कधी संपणार, एवढं विचारून बस. मंत्र्यांनी तारीख दिली की ते आश्वासन ठरतं आणि सभागृहाच्या आश्वासन समितीकडे त्याचा पाठपुरावा करता येतो. पाणीपुरवठा योजनेच्या थकलेल्या देयकांचा जो मसुदा तू पाठवलास, त्यात पहिल्याच भागात तीन गावांची तक्रार एकत्र केली आहेस. ती तोड. ज्या गावाचे कागद पूर्ण आहेत, तेवढंच या अधिवेशनाला दे.

तुझा धाकटा