लेयर्स आणि आई

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये दोन घट्ट वेण्या आणि काळ्या रिबिनी कंपल्सरी. रोज सकाळी आईच घालायची. (माझं मराठी कच्चं आहे, सांभाळून घ्या.) सेकंड इयरला हॉस्टेलच्या मैत्रिणींबरोबर जाऊन लेयर्स कापून घेतले. कंबरेपर्यंतचे केस खांद्यावर आले! दुसऱ्या दिवशी आरशात पाहिलं, तर डोक्यावर कावळ्याचं घरटं. रात्री जर्नल संपवून ओल्या केसांनीच झोपले होते. ओला केस जास्त ताणला जातो, लवकर तुटतो; वर सुती अभ्र्याचं घर्षण. मेकॅनिक्समध्ये फ्रिक्शनची गणितं सोडवणाऱ्या मुलीला एवढं कळू नये?

दिवाळीत घरी गेले. आई काहीच बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. रात्री मात्र नेहमीसारखी मागे येऊन बसली. वेणी घालायला गेली, तर वरचे आखूड केस सारखे निसटत होते. तीनदा सोडली. शेवटी कानाजवळच्या बटा पिळून पिनांनी चपट्या बसवल्या, खालच्या केसांची सैल वेणी घातली, टोकाला रबरबँडऐवजी कापडाची पट्टी. "घट्ट नको, मुळं ओढतात," एवढंच म्हणाली.

हॉस्टेलवर येऊन बॅग उघडली, तर आत उशीचा अभ्रा. तिच्या विरलेल्या रेशमी साडीचा! रेशमावर केस अडकत नाहीत, घसरतात. काठ मात्र तिने काढून घेतलाय, कशासाठी ते मी विचारलं नाही.

आता वेणी रूममेट घालते. खूप घट्ट घालते.